यशया ५३ : ‘तो’ कोण हे ठरवण्याआधी ‘आम्ही’ कोण ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे : चर्चमध्ये गुड फ्रायडेला बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ५३ वा अध्याय वाचतात आणि तो येशूविषयीच आहे असं लहानपणापासून ऐकलंय. ऑफिसमधला बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मित्र म्हणतो, त्यातला ‘सेवक’ म्हणजे इस्राएल लोक. वर एका व्हिडिओत सांगितलं की रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, हा अध्याय सभास्थानातल्या वाचनातून मुद्दाम काढून टाकला आणि ‘सेवक म्हणजे इस्राएल’ हा अर्थ अकराव्या शतकात राशी या ज्यू भाष्यकाराने शोधून काढला. तर खरं काय?

यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. ही कविता रचली गेली तेव्हा तिचा अर्थ काय होता, हा एक. पुढे ज्यूंनी आणि ख्रिस्ती लोकांनी ती कशी वाचली, हा दुसरा. आणि तिच्यात मशीहा, म्हणजे देवाने पाठवायचा उद्धारक, आहे का, हा तिसरा. पहिल्या दोहोंची उत्तरं पुष्कळशी मजकुरातून आणि इतिहासातून देता येतात. तिसऱ्याचं उत्तर तुम्ही कोणत्या श्रद्धेतून वाचता यावर अवलंबून आहे. ते मी इथे ठरवून देणार नाही, तसं कुणी ठरवून देऊही नये.

व्हिडिओतल्या दोन दाव्यांचा निकाल मात्र आधी लावू, कारण ते सरळ तपासता येतात.

‘राशीचा शोध’ हा दावा चुकीचा आहे. राशीचा काळ १०४० ते ११०५. ओरिजेन हा ख्रिस्ती पंडित इ. स. २४८ च्या सुमारास, म्हणजे राशीच्या आठशे वर्षं आधी, केल्सस या ख्रिस्ती धर्माच्या टीकाकाराविरुद्धच्या आपल्या ग्रंथात लिहितो की ज्यू विद्वानांशी वाद झाला तेव्हा त्यांनी हे वर्णन साऱ्या लोकांचं आहे, पांगलेल्या आणि मार खाल्लेल्या लोकांना एका माणसाच्या रूपात दाखवलंय, असं सांगितलं. साक्ष विरोधी पक्षाची, म्हणून ती अधिक भक्कम. राशीने हा अर्थ ठामपणे मांडला हे खरं, आणि त्याला काळाचीही जोड होती. ज्या माइन्झ आणि वर्म्समध्ये तो शिकला, तिथल्याच ज्यू वस्त्या १०९६ मध्ये पहिल्या क्रुसेडच्या जमावांनी कापून काढल्या. ‘वधाला नेलेलं कोकरू’ हे त्या पिढीला अलंकारिक वाटलं नसेल.

‘अध्याय काढून टाकला’ हेही टिकत नाही. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, तोरा (मोशेची पाच पुस्तकं) वर्षभरात पूर्ण वाचतात, पण संदेष्ट्यांच्या पुस्तकांतले फक्त निवडक उतारे, ज्यांना हफ्तारा म्हणतात. बहुतेक मजकूर त्या निवडीबाहेरच राहतो. तिशा बआव या मंदिरनाशाच्या शोकदिनाच्या उपवासानंतरचे सात शब्बाथ सांत्वनाचे उतारे असतात, सगळे यशयातले. त्यांपैकी एक ५२:१२ ला संपतो, पुढच्या आठवड्याचा ५४:१ ला सुरू होतो, आणि मधलं नेमकं सुटतं. हे पाहिलं की संशय येणं साहजिक आहे. पण त्याच मालिकेतला दुसरा उतारा ४९:१४ पासून सुरू होतो, म्हणजे ४९:३ सुद्धा बाहेर राहतं. आणि ४९:३ मध्ये काय आहे? ‘तू माझा सेवक आहेस, इस्राएल.’ लपवालपवीच करायची असती तर आपल्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा कुणी बाहेर ठेवला असता का? ५३ वा अध्याय प्रत्येक हिब्रू बायबलमध्ये छापलेला असतो आणि राशी, इब्न एझ्रा, दावीद किमखी अशा सगळ्या मोठ्या भाष्यकारांनी त्यावर लिहिलंय.

आता मूळ मजकुराकडे.

पहिली चूक बहुतेक जण पहिल्याच ओळीला करतात : ५३:१ पासून वाचायला लागतात. कविता तिथे सुरू होतच नाही. ती ५२:१३ ला सुरू होते आणि ५३:१२ ला संपते, एकूण १५ वचनं. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकात बसवलेले, आणि इथे ते कवितेच्या मधोमध बसलेत. त्यामुळे सुरुवातीची तीन वचनं वेगळ्या अध्यायात गेली आणि वाचकाच्या नजरेतून सुटली. नेमकी त्याच तीन वचनांत पुढच्या भांडणाची किल्ली आहे.

मी शिकवताना आधी कुठलंही भाष्य उघडू देत नाही. तीन रंगांच्या पेन्सिली घ्यायच्या. ‘मी, माझा’ एका रंगाने, ‘आम्ही, आमचा’ दुसऱ्याने, ‘तो, त्याचा’ तिसऱ्याने. पंधरा वचनांना अर्धा तास पुरतो. झालं की पानाकडे लांबून बघा. ५२:१३ मध्ये ‘माझा सेवक’ म्हणणारा देव आहे, वाद नाही. शेवटच्या दोन वचनांत पुन्हा देवच बोलतो. मधे ५३:१ ते ६ हा सगळा पट्टा ‘आम्ही’चा : आम्ही त्याला मानलं नाही, आमची दुखणी त्याने वाहिली, आम्ही मेंढरांसारखे भटकलो. पंधरा वचनांत ‘तो’ला नाव नाहीच, पण ‘आम्ही’लाही नाही. भांडण ‘तो कोण’ यावर चालतं, ते सुटतं मात्र ‘आम्ही कोण’ यावर.

‘आम्ही’ म्हणजे परराष्ट्रांचे राजे असतील, तर ज्या तिरस्कृताकडे ते थक्क होऊन पाहतायत तो इस्राएल. ‘आम्ही’ म्हणजे संदेष्टा आणि त्याचेच लोक असतील, तर ‘तो’ त्यांच्यापेक्षा वेगळा, एकटा माणूस असणार.

ज्यू वाचनाचा आधार ५२:१५ मध्ये आहे. तिथे राजे तोंडं मिटतात, कारण ‘जे त्यांनी ऐकलं नव्हतं ते त्यांना कळलं’. लगेच पुढचं वचन, ५३:१ : ‘आमच्या वार्तेवर कोणी विश्वास ठेवला?’ हिब्रूत ५२:१५ मधलं ‘ऐकलं’ आणि ५३:१ मधली ‘वार्ता’, शेमुआ, एकाच धातूची. म्हणजे जे राजे गप्प झाले तेच आता तोंड उघडून म्हणतायत : आम्ही हे जे ऐकलं, ते कुणाला खरं वाटलं असतं?

ख्रिस्ती वाचनाचा आधारही तोच शब्द. शेमुआ म्हणजे कानावर आलेली बातमी, तशीच दुसऱ्याला दिलेली बातमीही. योहान १२:३८ आणि रोमकरांस पत्र १०:१६ हे वचन दुसऱ्या अर्थाने घेतात : आम्ही सांगितलं, लोकांनी मानलं नाही. त्यात भर अशी की यशयात पापाची कबुली देणारे ‘आम्ही’ इतरत्र इस्राएलचेच लोक असतात. ४२:२४ पाहा, ६४:६ पाहा. मग इथेच ते परके राजे कसे? हा आक्षेप वजनदार आहे, तो उडवून लावू नका. तुमच्या हातातल्या मराठी प्रतीत ‘आम्ही ऐकलेली’ आहे की ‘आम्ही सांगितलेली’ तेही बघून घ्या. भाषांतरकाराने तुमच्या वतीने निवड आधीच केलेली असते.

आता संदर्भाचा कस. ४० ते ५५ हे अध्याय बाबेलच्या बंदिवासाच्या अखेरीस बोलतात. यरुशलेम इ. स. पू. ५८६ च्या सुमारास पडलं, ५३९ मध्ये बाबेल पारसिक राजा कोरेशाच्या हाती गेलं, आणि कोरेशाचं नाव ४४:२८ व ४५:१ मध्ये सरळ आलंय. याच अध्यायांत ४१:८, ४४:१, ४४:२१, ४५:४, ४८:२०, ४९:३ या ठिकाणी देव ज्याला सेवक म्हणतो तो याकोब किंवा इस्राएल, नाव घेऊन. ख्रिस्ती वाचकाला हे ओलांडून जाता येत नाही. पण इथेच ज्यू वाचकालाही थांबावं लागतं, कारण ४९:६ मध्ये हाच सेवक याकोबाच्या वंशांना परत उभं करणार आहे. इस्राएल इस्राएलला कसा उभा करेल? आणि ५३:९ म्हणतं की त्याने जुलूम केला नाही, त्याच्या मुखात कपट नव्हतं. तर ४२:१९ मध्ये सेवक आंधळा आणि बहिरा ठरलाय. ज्यू भाष्यकारांचं नेहमीचं उत्तर : सेवक म्हणजे सगळे लोक नव्हेत, त्यांच्यातले निष्ठावान उरलेले. उत्तर पटण्यासारखं आहे. फक्त ‘इस्राएल’चा अर्थ तेवढा आक्रसला हे मान्य करावं लागतं.

एक वचन मात्र जवळून बघू, म्हणजे एका अक्षराने काय होतं ते कळेल. ५३:८ चा शेवट. रूढ हिब्रू पाठात ‘माझ्या लोकांच्या अपराधामुळे’ यानंतर ‘नेगा लामो’ आहे. नेगा म्हणजे घाव. लामो म्हणजे बहुधा ‘त्यांना’. ज्यू वाचक म्हणतो, बघा, अनेकवचन, सेवक म्हणजे समूह. ख्रिस्ती अभ्यासक ४४:१५ दाखवतो, जिथे माणूस एक मूर्ती कोरतो आणि ‘लामो’पुढे नमतो, म्हणजे एकवचनी वापर यशयातच सापडतो. तिसरं वळण जुन्या ग्रीक भाषांतराचं. तिथे ‘त्याला मरणाकडे नेलं’ असं आहे, जणू भाषांतरकाराने ‘लामो’ऐवजी ‘लामावेत’, ‘मरणाला’, असं वाचलं. हिब्रूत फरक शेवटच्या एका अक्षराचा. ओरिजेन सांगतो की त्या वादात ज्यूंची सर्वांत जास्त कोंडी याच वाक्याने झाली : माझ्या लोकांच्या पापांमुळे तो मरणाकडे नेला गेला, मग तो आणि लोक एकच कसे? युक्तिवाद चोख, पण उभा ग्रीक पाठावर. समोर हिब्रू गुंडाळी उघडली असती तर वाद निराळा झाला असता. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या पहिल्या गुहेत १९४७ मध्ये सापडलेल्या, इ. स. पू. दुसऱ्या शतकातल्या मोठ्या यशया गुंडाळीतही ‘लामो’च आहे. गंमत म्हणजे तिथे ‘माझ्या लोकांच्या’ऐवजी ‘त्याच्या लोकांच्या’ आहे, आणि ते ख्रिस्ती वाचनाला थोडं जवळचं.

ही गुंडाळी दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने दाखवतात. ५३:११ मध्ये रूढ पाठात नसलेला ‘प्रकाश’ हा शब्द तिच्यात आहे : यातनेनंतर तो प्रकाश पाहील. ग्रीकमध्येही आहे, त्यामुळे तो मूळचा असण्याची शक्यता बरीच. ५२:१४ मध्ये ‘विद्रूप’च्या जागी तिचा पाठ एका जादा अक्षरामुळे ‘मी अभिषेक केला’ असा वाचता येतो. लगेच उड्या मारू नका. एका प्रतीतल्या एका अक्षरावर मशीहा उभा करणं हा कच्चा धंदा आहे.

५३:५ चं मात्र नीट समजून घ्या, कारण तिथे मराठी वाचकाला फायदा आहे. हिब्रूतलं ‘मि’ हे उपसर्गासारखं अक्षर म्हणजे ‘पासून, कारणाने’. तो आमच्या अपराधां‘मुळे’ घायाळ झाला. ‘मुळे’ म्हटलं की ज्यू वाचनाला जागा राहते : राष्ट्रांनी केलेल्या जुलमामुळे इस्राएल जखमी झालं. ‘साठी’ म्हटलं की प्रायश्चित्ताचा अर्थ आधीच आत शिरतो. मराठीत हे दोन शब्द स्वच्छ वेगळे आहेत, तेव्हा प्रवचनात एकाच्या जागी दुसरा घालू नका. प्रायश्चित्ताचा खरा मुद्दा ५३:१० मधल्या ‘आशाम’ या शब्दावर आहे. लेवीयच्या ५ व्या अध्यायातलं दोषार्पण ते हेच. ज्यू भाष्यकारालाही इथे यज्ञाची भाषा आहे हे नाकारता येत नाही. त्याच वचनात लगेच ‘तो संतती पाहील, दीर्घायू होईल’ हे येतं आणि अडचण ख्रिस्ती बाजूला सरकते. ‘झेरा’ म्हणजे साधारणपणे पोटची संतती. ख्रिस्ती उत्तर असं की १:४ मध्ये ‘दुष्कर्म्यांची संतती’ हा लाक्षणिक प्रयोग यशयातच आहे, आणि दीर्घायुष्य म्हणजे पुनरुत्थान.

‘कोकरू मुकाट राहिलं’, ५३:७, हे तर दोन्हीकडे चालतं. स्तोत्र ४४:२२ मध्ये सगळं राष्ट्र म्हणतं, ‘आम्हांला वधाची मेंढरं गणलं.’ यिर्मया ११:१९ मध्ये एकटा संदेष्टा म्हणतो, मी वधाला नेलेल्या कोकरासारखा होतो. दहाव्या शतकात सादिया गाओन या ज्यू पंडिताने सेवक म्हणजे यिर्मया असं म्हटलं ते उगाच नव्हे.

आता मशीहा. हा शब्द या पंधरा वचनांत कुठेही नाही. माशिआख म्हणजे अभिषिक्त. हिब्रू बायबलमध्ये तो राजाला लागतो, लेवीय ४:३ मध्ये याजकाला लागतो. साऱ्या यशयात हे नाम एकदाच येतं, ४५:१ मध्ये, आणि ते लागतं कोरेशाला, एका पारसिक राजाला! दुःख भोगणारा सेवक आणि येणारा मशीहा ही दोन सूत्रं ग्रंथात वेगवेगळी आहेत. त्यांची गाठ मारणं हे वाचकांचं काम, आणि ते ज्यूंनीही केलंय.

तुमच्या मित्राला हे कदाचित ठाऊक नसेल. तार्गूम योनाथान ही जुनी अरामी आवृत्ती ५२:१३ ला सरळ ‘माझा सेवक मशीहा’ म्हणते. पण पुढे सगळं दुःख उचलून शत्रूंवर, लोकांवर आणि उद्ध्वस्त मंदिरावर टाकते. मशीहाच्या वाट्याला फक्त विजय ठेवते. ताल्मुदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या मोठ्या संग्रहात, सन्हेद्रिन या भागाच्या ९८ब पानावर मशीहाच्या नावांची चर्चा चाललेली असताना ५३:४ चा आधार घेऊन त्याला ‘कुष्ठी’ म्हटलंय. त्याच्या आधीच्या पानावर तो रोमच्या वेशीपाशी रोग्यांमध्ये बसलाय. बाकीचे सगळ्या जखमा एकदम सोडून पुन्हा बांधतात. हा एकेक करून सोडतो, बांधतो, न जाणो केव्हा बोलावणं येईल. ताल्मुदाच्याच दुसऱ्या भागात, बराखोत ५अ मात्र ५३:१० कुठल्याही नीतिमान माणसाच्या दुःखाला लावतं : देवाला जो प्रिय, त्याला तो यातनेने चिरडतो. सोटा १४अ शेवटचं वचन मोशेला लावतं. एकाच ताल्मुदात तीन उत्तरं, आणि कुणालाही त्यातलं एक पुसायची घाई नाही. १२६३ मध्ये बार्सिलोनाच्या जाहीर ज्यू-ख्रिस्ती वादात नाखमानिदेस या रब्बीने नेमकं हेच सांगितलं : सरळ अर्थ इस्राएल, मिद्राश (रब्बींचं कथारूप विवरण) मशीहाला लावतो खरा, पण तो मारला जाईल असं तिथे म्हटलेलं नाही.

ख्रिस्ती बाजूही वाटते तितकी एकसुरी नाही. नव्या करारात हा उतारा कुठे कशासाठी येतो ते एकदा शेजारी शेजारी ठेवा. मत्तय ८:१७ मध्ये ५३:४ येतं ते वधस्तंभाच्या संदर्भात नव्हे, रोगी बरे करण्याच्या. लूक २२:३७ मध्ये अपराध्यांत गणला जाण्याविषयी. १ पेत्र २ मध्ये तर हा मजकूर दासांना उद्देशून, अन्याय कसा सोसावा याचा कित्ता म्हणून आलाय, आणि त्यातच पाप वाहिल्याचा उल्लेख आहे. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये कूशी अधिकारी रथात बसून ५३:७-८ वाचतो आणि फिलिप्पाला विचारतो, संदेष्टा हे कोणाविषयी बोलतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी? म्हणजे प्रश्न तेव्हाही उघडाच होता. फिलिप्प ‘या वचनापासून सुरुवात करून’ येशूविषयी सांगतो. पहिल्या ख्रिस्ती पिढीची वाटचाल अशीच दिसते. आधी वधस्तंभ झाला, मग ग्रंथ नव्याने वाचला. मत्तय १६:२२ मध्ये दुःख भोगणारा मशीहा ही कल्पना पेत्रालाच सहन होत नाही, हे विसरू नका.

ज्यूंची खरी अडचण दुःखाची आहे असं समजणं हीही गल्लत. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकाच्या संवादात ट्रायफो हा ज्यू कबूल करतो की मशीहा दुःख भोगेल हे ग्रंथांत आहे. (संवाद लिहिणारा ख्रिस्ती आहे, तेवढं मीठ घालून घ्या.) त्याचा आक्षेप वधस्तंभाला आहे, कारण अनुवाद २१:२३ प्रमाणे टांगलेला माणूस शापित. पुढे बाराव्या शतकातल्या मैमोनिदेस या ज्यू पंडिताने कसोटी घालून दिली : मंदिर उभारलं, विखुरलेल्यांना गोळा केलं तर तो मशीहा, मारला गेला तर तो नव्हे. त्याच्या डोळ्यांसमोर रोमविरुद्धच्या उठावाचा नेता बार कोखबा होता. रब्बी अकिवाने त्याला मशीहा म्हटलं आणि १३५ मध्ये रोमनांनी तो उठाव चिरडला. जस्टिनचं उत्तर दोन आगमनांचं : एकदा दीन होऊन, एकदा वैभवात. रब्बींनीही काम विभागलं, पण दोन व्यक्तींत : ताल्मुदातल्या सुक्का ५२अ मध्ये योसेफाचा पुत्र मशीहा मारला जातो, दाविदाचा पुत्र राज्य करतो.

माझं मत विचाराल तर : ४० ते ५५ या अध्यायांच्या चौकटीत सेवकाचा पहिला अर्थ इस्राएल आहे, कारण ग्रंथ स्वतः ते नाव घेतो. पण ५३ मधलं चित्र त्या चौकटीबाहेर झुकतं. तिथे एका माणसाचा चेहरा दिसतो, आणि कवीने तो मुद्दाम निनावी ठेवला असं मला वाटतं. येशूच्या ठायी हे पूर्ण झालं असं म्हणणं हा श्रद्धेचा निर्णय आहे. तो प्रामाणिकपणे घेता येतो. पण ‘दुसरा अर्थ निघूच शकत नाही’ असं म्हणायला मजकूर परवानगी देत नाही.

आता मित्राशी बोलायचं कसं, हे तुमच्या हेतूवर अवलंबून आहे. त्याचं मन वळवायचं असेल तर हा उतारा काढू नका. बार्सिलोना, मग १४१३-१४ चा तोर्तोसाचा वाद. हे वाद ज्यूंनी आपखुशीने घातले नव्हते, त्यांना सत्तेने उभं केलं होतं. आपल्याकडे इतकी जबरदस्ती नव्हती, पण एकोणिसाव्या शतकात मुंबईत आणि कोकणात बेने इस्राएल मुलं मिशनऱ्यांच्या शाळांत शिकली. हिब्रू शिकली, शास्त्र शिकली, आणि बहुतेक आपल्या धर्मात राहिली. त्या घरांत हा अध्याय कुणी पुढे केला की माणूस आधी सावध होतो. दोघांनी मिळून समजून घ्यायचं असेल तर पेन्सिली घेऊन बसा. तुम्ही ४९:३ आणि ४९:६ त्याला समजावून सांगायला लावा, आणि त्याने तुम्हाला ५३:१० ची संतती विचारावी. प्रत्येकाने स्वतःच्या अडचणीच्या वचनापासून सुरुवात केली की तासाभरात आवाज चढत नाहीत.

तेच जमलं तर पुढे २२ वं स्तोत्र घ्या. तिथे एक व्यावहारिक खोच आहे : हिब्रू बायबलमध्ये स्तोत्राचं शीर्षकच पहिलं वचन धरतात, म्हणून तुमचं १६ वं वचन त्याच्या प्रतीत १७ वं असेल. वादाचा शब्दही त्याच वचनात आहे. रूढ हिब्रूत ‘सिंहासारखे माझे हातपाय’, जुन्या ग्रीकमध्ये ‘त्यांनी खणले’, आणि मृत समुद्राजवळच्या नाहाल हेव्हेरला सापडलेल्या जुन्या तुकड्यात शेवटचं अक्षर थोडं लांब, म्हणजे ग्रीकच्या बाजूचं. यशयातल्यासारखंच, एका रेघेचा फरक.